नारळ फुटायच्या आधी

घरून निघताना नवऱ्यानं एकच सांगितलं, "जाशील तिथं जरा कमी बोल." मी हसले आणि मिरज स्टेशन येईपर्यंत रिक्षावाल्याशी गप्पा मारत गेले.

माझी मावसबहीण सुनंदा भातसानगरला राहते. तिचे यजमान धरणावर नोकरीला आहेत, तेच मला आसनगावला घ्यायला आले होते. श्रावण निम्मा सरला होता. आवणी (भाताची लावणी) उरकलेली, त्यामुळे दोन्ही बाजूंना हिरवी खाचरं आणि माणूस मात्र कुठं दिसत नव्हता. धरण काठोकाठ भरलेलं. मी तोंडात बोट घालून बघत राहिले, तर मेहुणे म्हणाले, "मुंबईचं पाणी आहे हे. आमच्या नळाला सकाळचंच येतं." वसाहतीतल्या त्यांच्या घरी पोटभर जेवले आणि सुनंदाशी एवढ्या गप्पा मारल्या की तीच आधी झोपली.

सुनंदाची नणंद कुसुमताई मुरबाड तालुक्यात, म्हशाच्या अलीकडच्या एका गावात राहते. ती गावातल्या मुलींना कबड्डी शिकवते, असं कळल्यावर मी कशाला गप्प बसते? शाळेत मी कोपऱ्यावर खेळायचे, गुडघा गेला तेव्हा सुटलं. अजूनही कुठं सामना असला की भाजीची पिशवी हातात घेऊन उभी राहते. सुनंदानं माझ्याकडे कुसुमताईसाठी कर्टोली (पावसाळ्यात रानात मिळणारी काटेरी फळभाजी) बांधून दिली आणि मेहुण्यांनी मला शहापूरच्या एसटी स्टँडवर सोडलं.

मुरबाडची गाडी यायला वेळ होता. समोरच्या हॉटेलात चहा घ्यायला शिरले, तर आत कबड्डीचंच भांडण चाललेलं. हॉटेलवाले मोरेश्वरकाका तिथल्या महिला संघाचं बघतात. कल्याणला नोकरी करणारा नितीन सुट्टी असल्यामुळे वाद घालायला मोकळा होता. सामने दिवाळीनंतर, पण संघांची फोडाफोडी पावसाळ्यातच होते, हे मला तिथं कळलं.

"गेल्या साली तुमी आनली ती कोपऱ्याची पोरगी," नितीन म्हणत होता, "तिला एक तरी पकड लागली का?"

"पावसाळाभर घाम गाळलाय तिनं. आता बघ तू."

"घाम कसला, वडे खाल्लेत तुमच्या हॉटेलातले."

मीही खुर्ची ओढून मध्ये पडले. कोपऱ्याची मुलगी एका वर्षात तयार होत नाही, तिला दोन वर्षं द्या, असं मी सांगितलं. काकांना ते इतकं पटलं की त्यांनी माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत आणि खुर्ची पुढं सरकवून हळूच म्हणाले, "यंदा चढाईला मुरबाडची दीपाली येते आमच्याकडं. आमच्याकडं मॅट हाय. तिकडं मातीत खेळून निवड चाचणीला कोन विचारनार तिला?"

दीपाली कोणाच्या हाताखाली खेळते विचारलं, तर म्हणाले कुसुमताईच्या. मी म्हटलं, अहो, मी तिथंच निघालेय. काकांचा चेहरा उतरला. "मंग याच्यातलं तिकडं काय बोलू नका हां. अजून नारळ नाय फुटला." जाणारी खेळाडू आपल्या गुरूच्या हातून मैदानावर नारळ फोडून घेते आणि मगच दुसऱ्या गावाला जाते. तोवर तिच्या गावात कोणी त्याचं नाव काढत नाही. त्यांनी हे मला स्वच्छ सांगितलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, असेल काहीतरी उपचार, फीत कापतात तसा. तेवढ्यात गाडी लागली.

गाडी किन्हवलीवरून गेली. खिडकीची काच वर होईना, माझा एक खांदा पार भिजला. सरळगावला उतरून टमटम घेतली आणि छत्री गाडीतच राहिली. शेवटचा तुकडा बांधावरून चालायचा होता. तिथं पाय घसरून मी खाचरात बसले ती कर्टोल्यांसकट. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. आधीच पुष्कळ बोलून झालंय.

कुसुमताई पन्नाशीची, काटक बाई. माझा अवतार बघून हसली नाही. आधी पाय धुवायला पाणी दिलं, मग आपलं लुगडं दिलं आणि म्हणाली, "चला, पोरी बघा आमच्या."

समाजमंदिरात गेल्या सालचा पेंढा अंथरून त्यावर गोणपाटं शिवून टाकली होती. त्यावर सात-आठ मुली खेळत होत्या. दीपाली कुठली ते कोणी सांगायची गरज पडली नाही. मधल्या रेषेवर ती अशी उभी राहायची की जणू दुसरीकडेच बघतेय, आणि मग डावा पाय कधी निघाला ते समोरच्या मुलीला कळायचंच नाही. कुसुमताई एकदाही ओरडली नाही. मुलगी चुकली की जवळ जाऊन तिचं पाऊल हातानं धरून योग्य जागी ठेवायची.

"पयले उजव्या अंगालाच जायची," ती मला म्हणाली. "या पावसात डावा पाय उघडला तिचा. आता म्हशाच्या जत्रंत बघा."

दुपारी कुसुमताईच्या ओटीवर पंगत बसली. मुली, तिघी-चौघींच्या आया, शेजारचे दोघे म्हातारे. तांदळाची भाकर, माझ्याबरोबर पडलेली कर्टोली आणि वालाचं बिरडं. इतकी चव होती की मी तिसरी भाकर घेतली. दीपाली वाढत होती. बोलणं साहजिकच खेळावर आलं. या गावची पोरगी त्या गावानं नेली, ती तिकडं बाकावरच बसली, असं सगळं. एक म्हातारबुवा म्हणाले, "आपलीबी कोनतरी नेतील गो, कुसुम."

"आमची कोन नाय जात," कुसुमताई म्हणाली.

मला काय अवदसा आठवली कोण जाणे. खरं तर माहीत आहे. मलाही यातलं कळतं, हे त्या पंगतीला दाखवायचं होतं. मी म्हटलं, "मग दीपाली शहापूरला जाणार म्हणतात, ते?"

दीपाली बिरड्याचं पातेलं घेऊन माझ्या समोरच उभी होती. तिनं पातेलं खाली ठेवलं नाही, वाढलंही नाही. तिची आई ताटाकडे बघत राहिली. मी घाईनं म्हटलं, म्हणजे लोक काय, काहीही बोलतात. ते तर आणखीच वाईट झालं.

"जेवा तुमी," कुसुमताई म्हणाली. "भाकर थंड व्हते."

पानात टाकायची लाज वाटली. तिसरी भाकर मी पाण्याबरोबर संपवली.

हात धुवायला मागच्या पडवीत गेले तर दीपाली तिथं होती. खुंटीवरची तिची पिशवी तिनं उघडून दाखवली. आत नारळ होता. "सांजच्याला नारळ फुडं ठेवनार व्हते, मावशी. ताई एकटी असली की."

मी म्हटलं, "चुकलं गं माझं. पण शेवटी सांगायचंच होतं ना?"

"सांगायचं नाय. इचारायचं असतंय." ती रडत नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. "ताई थांब म्हनाली तर थांबायचं. मंग तो नारळ देवाला जातो. मला वाटत व्हतं, थांब म्हनंल ती."

"मग आता विचार."

"आता कशी म्हनंल ती थांब? साऱ्या पंगतीत तिला ठावं झालं. आता थांब म्हनली तर लोक म्हनतील, कुसुम पाया पडली पोरीच्या."

झालंही तसंच. पाऊस थांबल्यावर कुसुमताईनं स्वतःच सगळ्यांना समाजमंदिरापुढच्या मैदानावर बोलावलं. आमच्याकडे बायका नारळ फोडत नाहीत. इथं तिनंच फोडला, मधल्या रेषेच्या जागी ठेवलेल्या दगडावर. दीपालीच्या कपाळाला ओली माती लावली. दीपालीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर कुसुमताईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "डावा पाय इसरू नको." बस, एवढंच. मग खोबरं वाटलं. पाहुणी म्हणून पहिला तुकडा मला दिला.

तो खाल्ला असता तर निदान मान राखल्यासारखं झालं असतं. माझ्याच्यानं झालं नाही. मुठीत धरून ठेवला.

निघताना मी कुसुमताईची माफी मागितली. तिनं माझी वाळलेली साडी घडी करून हातात दिली आणि म्हणाली, "तुमी मुद्दाम थोडंच केलं? जत्रंला या. आमच्या पोरींचा खेळ बघा." तिच्या पोरींत आता कोण कोण, हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. त्या सगळ्या दिवसात मी तोंड आवरलं ते तेवढंच.

मिरजेला पोचले तेव्हा नवरा दारातच उभा होता. प्रवासाहून आले की चहा होईपर्यंत मी अर्धा प्रवास सांगून टाकते, हे त्याला ठाऊक आहे. त्यानं आधण ठेवलं, माझ्यासमोर बसला आणि वाट बघितली. शेवटी म्हणाला, "अगं, बोल की."

मी पर्समधून तो खोबऱ्याचा तुकडा काढला. वास यायला लागला होता. त्यानं विचारलं, "हे काय?" आणि मला पुन्हा पडवीतली ती मुलगी दिसली, नारळ दाखवत असलेली. "थांब म्हनंल ती," असं तिला वाटत होतं. म्हणालीही असती.