बाबाच्या शर्टाचं शेपूट

शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी सकाळी माझ्या बाबाने एका लोखंडी चुलीवर नेम धरला.

चूल विल्हो काकाची. गंजून फुटली म्हणून त्याने ती आमच्या रानातल्या कॅम्पमागच्या मोकळ्या जागेत नेऊन टाकली होती, आणि मला आठवतं तेव्हापासून ती तिथेच पडलेली आहे. धुकं होतं हे खरं. पण ज्या चुलीला आम्ही वर्षानुवर्षं वळसा घालून मचाणाकडे जातो, तिच्याकडे बाबा गुडघा टेकून, श्वास रोखून बघत होता.

"मादी आहे," तो कुजबुजला. "मान खाली घालून चरतेय."

"बाबा, ती चूल आहे."

त्याने बंदूक खाली घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माहितीये मला. तू जागी आहेस का ते बघत होतो."

मी हसले. कॅम्पच्या दारात उभा विल्हो काकाही हसला. आमच्या घरात एवढंच करता येतं. आर्मस केटुनेनला, म्हणजे माझ्या बाबाला, "तुला दिसत नाही" असं तोंडावर सांगणारं माणूस अजून जन्माला यायचंय. आई होती तोवर ती सांगायची, पण तीही जेवण वाढताना, त्याचं तोंड घासाने भरलेलं असताना.

बाबाने सारा जन्म रस्त्यावरचं बर्फ सारायची गाडी चालवली. आमच्या मिशिगनच्या वरच्या अंगाला बर्फ पडतं म्हणजे काय, ते मी सांगत बसत नाही. गाव झोपेत असताना त्याच्या गाडीच्या पात्याची खरखर यायची आणि लोक कूस बदलून पुन्हा झोपायचे. आर्मस गेला, म्हणजे सकाळी शाळेची बस येणार. त्याची गाडी एकदाही चरात गेली नाही. "रस्ता दिसत नसला की खांब मोजायचे," तो म्हणायचा. "दिसतंय असं वाटलं, की माणूस मरतो."

शिकारीतही त्याचं तेच. आम्हा पोरांना बंदूक हातात देण्याआधी त्याने एकच धडा घोटून घेतला होता. चार पाय मोज, मग चापावर बोट ठेव. शिंगं बघू नकोस, शेपूट बघू नकोस, हललं म्हणून मारू नकोस. चार पाय. आमच्याकडचं हरीण बिचकलं की शेपूट उभारतं, आणि त्या शेपटीची आतली बाजू पांढरीशुभ्र असते. तेवढा पांढरा ठिपका बघून बार काढणारे महाभाग दरवर्षी असतातच. म्हणून हंगामात आमच्यात पांढरा रुमाल कुणी खिशात ठेवत नाही. आई तर बाबाचे सगळे रुमाल लाल रंगात बुचकळून काढायची आणि त्यासोबत आमच्या चड्ड्याही गुलाबी करून टाकायची.

आणि कॅम्पची एक रीत आहे. ज्याचा बार चुकला, त्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे विजारीत खोचायचा तो मागचा भाग, सगळ्यांसमोर कापायचं. त्यावर नाव, साल आणि काय चुकलं ते लिहून भिंतीवर खिळ्याने ठोकायचं. विल्हो काकाची शेपटं इतकी आहेत की त्यांची गोधडी होईल. माझी दोन आहेत. बाबाचं एकही नाही. कात्री मात्र नेहमी त्याच्याच हातात, आणि कापताना तो असा गंभीर की जणू पाद्रीच.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, लगेच काढून टाकू. बाबा म्हणाला, हंगाम होऊ द्या. मी फोनवर ओरडले, तर म्हणाला, "मी कुठे विमान चालवायला जातोय?" मी फोन ठेवून दिला. माझं नाव आयला, मी केस कापते, चाळिशी ओलांडलेली आहे, माझ्या दुकानात बायका मला विचारून नवरा सोडतात. पण बाबाच्या हातातली बंदूक काढून घ्यायची म्हटलं की माझी बोबडी वळते. त्या बंदुकीशिवाय तो नोव्हेंबरात काय करेल, हा विचारच मला करवत नव्हता.

तर त्या दिवशी. दुपार कलायला लागली होती. यंदा बर्फ पडलंच नव्हतं, सगळं रान तपकिरी. मी मचाणावरून एका नरावर बार टाकला. चार पाय मोजून. तो कोलमडला, उठला आणि दलदलीकडच्या सीडरच्या झाडीत घुसला.

बाबा त्याच्या मचाणावरून उतरून आला. वाकून पानांवरचं रक्त त्याने बोटाला लावलं, नाकाशी नेलं.

"फुप्फुसात लागलीय. लांब जाणार नाही. तू माग धर. मी वळसा घालून जुन्या रेल्वेच्या भरावावर उभा राहतो. पलीकडून निघालाच तर मी आहे."

आमच्यात हे असंच करतात. एकाने माग काढायचा, दुसऱ्याने पुढे जाऊन वाट अडवायची. आजवर कैक वेळा केलंय. पण या वेळी मला सरळ दिसलं, की मी बाबाच्या बंदुकीच्या तोंडाकडे चालत जाणार आहे आणि मधे एक जखमी हरीण असणार आहे.

"बाबा, तू माझ्यासोबतच चल ना," मी म्हणाले. "आत पाय घसरतो माझा."

"तुझा पाय? बकरीसारखी चढतेस मचाणावर."

"मग बंदूक ठेव इथे. नुसता ये."

तो बघतच राहिला माझ्याकडे. त्या दुधाळ डोळ्यांत काय दिसत होतं त्याला, देव जाणे.

"जखमी जनावर आत तडफडतंय, आणि मी हात हलवत जाऊ? तुला काय म्हणायचंय ते सरळ म्हण, आयला."

ती वेळ होती. मी म्हणायला हवं होतं. "काही नाही," मी म्हणाले. "सांभाळून."

"मला सांगतेय सांभाळून," असं पुटपुटत तो निघून गेला.

सीडरच्या त्या झाडीत माणसाला उभं राहून चालता येत नाही. फांद्या कमरेपर्यंत खाली आलेल्या, खाली शेवाळ, शेवाळाखाली काळं पाणी. मी रांगत होते. पाठीवर तपकिरी पिशवी, त्यामुळे माझं नारिंगी जाकीट, जे कायद्याने आम्हाला घालावंच लागतं, ते निम्मं झाकलेलं आणि उरलेलं चिखलाने माखलेलं. रक्त कुठे थेंबभर, कुठे नाहीच. बर्फ असतं तर लाल ठिपके आपणहून दिसले असते. आता शेवटचं रक्त जिथे दिसेल तिथे खूण बांधायची, म्हणजे माग हरवला तर परत येता येतं. नारिंगी फितीची गुंडाळी बाबाच्या खिशात राहिली होती. माझ्याकडे होता टॉयलेट पेपर. सगळेच वापरतात, पावसात विरघळून जातो, रान घाण होत नाही. रुमालाच्या बाबतीत आम्ही इतके जपणारे, पण तो कागदही पांढराच, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

रांगता रांगता मी कान देऊन ऐकत होते. हरणाचा नाही, बाबाचा आवाज. तो कुठे उभा आहे हे कळावं म्हणून. काही कळत नव्हतं. एक डहाळी मोडली तरी मी शेवाळात तोंड खुपसत होते. बायकांना अक्कल शिकवणारी मी, माझी पाचावर धारण बसली होती. मनात एकच चाललेलं, तो चूल बघत होता, तो चूल बघत होता.

एका फांदीखाली रक्ताचा मोठा डाग सापडला. मी हात वर करून फांदीला कागद बांधायला घेतला. कागद लांब फाटला आणि वाऱ्याने फडफडला. त्याच वेळी फांद्यांच्या फटीतून मला भराव दिसला. भरावावर बाबा. बंदूक खांद्याला लावलेली. नळीची लांबी मला दिसली नाही, दिसलं ते फक्त काळं भोक. म्हणजे ती सरळ माझ्याकडे होती.

मी ओरडले असं मला वाटलं. तोंडातून काहीच निघालं नव्हतं.

बार झाला. डोक्यावरची फांदी फुटली, ढलप्या तोंडावर आल्या. मी पालथी पडले. मांड्यांना गरम ओल लागली आणि वाटलं, संपलं, गोळी लागली. ते रक्त नव्हतं. इतक्या वर्षांनी मी कपड्यांत केली होती. सांगायला लाज वाटत नाही, ज्याला वाटायची त्याने तिथे जाऊन पडून बघावं.

मग भरावावरून त्याचा आवाज आला. आनंदी, तरुणासारखा.

"पडला का गं? मला शेपूट दिसतंय अजून! थांब, हलतंय!"

आणि काडतूस बदलल्याचा तो आवाज. खटक, खटक. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते.

कागद माझ्या डोक्यावर फडफडतच होता. हात वर करून तो ओढायची छाती नव्हती. "बाबा" म्हणाले तर हवेत विरलं. आणि मग कुठून कोण जाणे, पाठ केलेला धडा तोंडात आला. मी सगळा जीव गोळा करून किंचाळले,

"दोनच पाय आहेत, बाबा! दोनच! पाय मोज!"

दुसरा बार झाला नाही.

थोड्या वेळाने पाण्यात काहीतरी पडलं. टुपुक. पुन्हा टुपुक. तो बंदुकीतली काडतुसं काढून दलदलीत फेकत होता. मग बंदूक भरावावरच टाकून, पाण्यातून, फांद्या मोडत तो माझ्याकडे आला. टोपी पडली होती. त्याने माझं डोकं चाचपलं, मान, खांदे, दोन्ही हात, बोटं. डोळे होते, पण तो हातांनीच बघत होता. मग तो फडफडणारा कागद त्याने फांदीवरून उपटला आणि नाकाजवळ धरून बराच वेळ बघितला.

"नर तिथेच पडलाय, तीस पावलांवर," मी म्हणाले. तो मला आत्ताच दिसला होता, मेलेला, शिंगं शेवाळात रुतलेली. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"ओढून नेऊ," बाबा म्हणाला. "दोर मी धरतो. बंदुका तू घे. दोन्ही."

वाटेत मी मनाशी ठरवून टाकलं होतं की कॅम्पवर विचारलं तर बाबाचा नरावरचा बार चुकला म्हणायचं. बाहेरच्यांना काय करायचंय?

कॅम्पवर विल्हो काका आणि त्याचे दोन मुलगे पत्ते टाकून बसले होते. हरीण बघून काका दारातच ओरडला, "बार दोन ऐकले आम्ही! एक आयलाचा. दुसरा कुणाचा?"

"माझा," बाबा म्हणाला.

"आणि?"

"चुकला."

काकाने खुर्ची पाडली. "चुकला? आर्मसचा? अरे, कात्री आणा! उभा जन्म वाट बघितली मी या दिवसाची! आता देव मला उचलायला मोकळा! वळ, वळ मागे, म्हाताऱ्या!" मुलगे टेबल बडवत होते. एकाने बाबाचा शर्ट विजारीतून ओढून काढला. काकाने शाईची जाड पेन्सिल कानावर अडकवली, कात्री हवेत वाजवली. "काय लिहू? नर चुकला की मादी? का पुन्हा माझी चूल?"

मी म्हणाले, "नर हो—"

"आयला," बाबा म्हणाला. "आयला चुकली. लिही."

काका अजून हसतच होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या विजारीकडे, केसांतल्या ढलप्यांकडे, आणि त्याचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं. कात्री त्याने टेबलावर ठेवली.

"जाऊ दे, आर्मस," तो म्हणाला. "हे भिंतीवर नको. घडलं ते घडलं. आम्ही कुणी बोलणार नाही."

"तुम्ही नाही बोलणार हे माहितीये. म्हणून तर सांगतोय." बाबा भिंतीकडे तोंड करून उभा होता, हात दारच्या चौकटीवर. "मी मला ओळखतो. डोळे कापून आणीन. चार महिन्यांनी मला लख्ख दिसायला लागेल. मग मी म्हणेन, ते हरीणच होतं, पोरगी उगाच घाबरली. आणि पुढच्या वर्षी पुन्हा बंदूक उचलीन. ते समोर टांगलेलं असलं, तर नाही उचलणार."

मग त्याने मान वळवली.

"तू काप, आयला. तुझं कामच आहे ते. सरळ काप."

मी कात्री घेतली. रोज कितीतरी डोकी कापते, पण तेवढं कापड माझ्याने सरळ कापलं गेलं नाही. एका बाजूला खाली उतरलं. बाबाची पाठ थरथरत होती, आणि मला पहिल्यांदा कळलं की दलदलीत माझ्याइतकाच तोही भ्यायला होता, आणि तो अजून भीतच होता. मी पेन्सिल घेतली. नाव लिहिलं, साल लिहिलं. काय चुकलं तिथे माझं नाव लिहिलं. खिळा काकाने ठोकला.

बाबाने मागे हात नेऊन कापलेली कड चाचपली.

"वाकडं कापलंस," तो म्हणाला. "पैसे देणार नाही मी याचे."

मग तो खाली बसला आणि तोंड दोन्ही हातांत घेऊन रडला. मी माझं जाकीट काढून त्याच्या पाठीवर टाकलं, कारण शर्ट आखूड झाला होता आणि दार उघडंच राहिलं होतं.