चाकणची कासवं

आमच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्से लवकर साठतात. काम पर्यावरण अहवालांचं. कुणी कारखाना किंवा सोसायटी बांधणार असेल, तर आधी तिथली हवा, पाणी, आवाज, झाडं मोजून कागदावर आणायची. ऑफिस भोसरीत, भटकंती सगळीकडे, त्यामुळे रोज काहीतरी घडतंच. वाईट इतकंच, की बहुतेक किश्शांचा हिरो निलेश असतो.

मी निलेशवर जळतो. लपवून उपयोग नाही, ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. त्यात टीम लीडची जागा रिकामी झालेली, आणि तुम्हा दोघांपैकीच एकाला देणार, असं साहेबांनी सांगून टाकलेलं.

*

चाकणजवळ एका प्लॉटवर आवाज मोजायला मी गेलो. मशीन लावलं आणि तासाभरात शेजारच्या लॉन्सवर लग्नाचा डीजे सुरू! दिवसभराचं रीडिंग बाद.

पुढच्या आठवड्यात निलेश गेला. गुरुवार होता, आजूबाजूच्या सगळ्या कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी. रीडिंग बघून साहेब खूश. गुरुवारी तिथे शांतताच असते, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

साहेब म्हणाले, "मग तू का नाही गेलास गुरुवारी?"

*

मारुंजीला बिल्डरच्या जागेवरची झाडं मोजायची होती. मी प्रत्येक खोडावर पेंटने नंबर टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सगळे नंबर खरवडलेले आणि शेजारचे आजोबा हातात विळा घेऊन बसलेले.

"नंबर पडला की झाड जातंय," ते म्हणाले. "आमी काय आज बघतोय व्हय?"

मी त्यांना अर्धा तास नियम समजावले. मग साहेबांनी निलेशला पाठवलं, त्याने त्यांच्या ओट्यावर बसून चहा घेतला. कुठलं झाड कुणी लावलं, हे आजोबांनीच त्याला फिरून सांगितलं. त्याने ते सगळं अहवालात लिहिलं आणि साहेबांनी ते पान मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. माझ्या पँटवर पेंटचे डाग अजून आहेत.

*

एका कंपनीत मी तीनदा एकटा जाऊन आलो होतो. चौथ्यांदा निलेशला बरोबर नेलं. गेटवरच्या वॉचमनने रजिस्टरमध्ये लिहिलं, 'निलेश सर आणि सोबत एक.'

*

मग चाकणच्या एका कारखान्याचा अहवाल माझ्याकडे आला. हा नीट झाला तर जागा माझी, हे उघड होतं. दिवस कमी होते. पशुपक्ष्यांचा भाग मी निलेशच्या जुन्या, कोकणातल्या अहवालातून उचलला आणि गावाचं नाव बदललं. त्याला अर्थातच सांगितलं नाही.

अहवाल तपासणाऱ्या सरकारी समितीसमोर मी उभा, साहेब आणि निलेश मागे बसलेले. समितीतल्या मॅडमनी एक पान दोनदा वाचलं.

"चाकणच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालतात, असं लिहिलंय तुम्ही. हा किनारा कुठे आला?"

मी घाईने ते पान शोधू लागलो. तेवढ्यात मागून निलेश उठला.

"मॅडम, ते पान माझं आहे. चूक माझी."

मॅडमनी दुरुस्त करून आणायला सांगितलं. मी कागद गोळा केले. बोलायला हवं होतं, पण नाही बोललो.

परत येताना साहेबांनी गाडीतच निलेशच्या खांद्यावर हात ठेवला. "चूक कबूल करायला छाती लागते राव. सोमवारपासून टीम लीड तू."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शीक जरा याच्याकडून."