सुई पोचली की नाही

नऊवारी नेसताना कासोटा मागं खोचायला उजवा हात लागतो. माझा तोच हात ऐन थंडीत खांद्यातून आखडला. पाठीमागं जाईना, वर कानापर्यंतही येईना. मग रोज सकाळी सून माझ्या मागं उभी राहून कासोटा खोचायची आणि मी भिंतीकडं तोंड करून उभी. सून चांगली आहे, पण दुसऱ्याच्या हातानं नेसायचं ते माणसानं मेल्यावर.

मुलगा फौजेत, तिकडं उत्तरेत चंडीमंदिरच्या छावणीत. मी हिवाळ्यापुरती आले होते. गावाला माझं दोन खोल्यांचं घर आहे आणि एक म्हैस, ती शेजारणीकडं ठेवलेली. थंडी ओसरली तसं मी परत जायचं काढलं.

"स्वतःचा कासोटा खोचता येत नाही आणि म्हशीची धार काढणार?" मुलगा म्हणाला. "म्हैस विकून टाक आणि राहा इथंच."

"मॅक्सी घाला की, आई," सून म्हणाली. "इथं कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

शेवटी ठरलं. हात चालता झाला तर मी गावाला. नाही तर त्याची पुढची बदली जिथं होईल तिथं त्यांच्या ट्रंकांबरोबर मीपण.

जवळच्या शहरात, सेक्टर बावीसमध्ये, सुया टोचणारी एक डॉक्टरीण सुनेला कुणीतरी सांगितली. पंजाबी बाई, चाळिशीची, आवाज खणखणीत. सुया केसासारख्या बारीक. एक सुई खुपसायची, बोटांत धरून जरा फिरवायची आणि विचारायची, "माताजी, कुछ हुआ?"

"कुछ नहीं. ठीक है."

हे खोटं होतं. एखादी सुई मुंगीसारखी चावायची, एखाद्या जागी आग व्हायची, आणि एकदा तर खांद्यातून बोटांपर्यंत चमक गेली. पण मी ज्या घरात वाढले तिथं बाईनं दुखतंय म्हणायचं नसतं. बाळंतपणात ओरडलेल्या बाईला सुईण मांडीवर चापट मारायची आणि सासू ते वर्षभर गावाला सांगत फिरायची. माझं एकही बाळंतपण पलीकडच्या खोलीला कळलं नाही. मग केसाएवढ्या सुईला मी काय भिणार? शिवाय सून शेजारी बसून कौतुकानं म्हणायची, "हमारी मम्मीजी बहुत स्ट्राँग हैं जी." मीही ताठ व्हायचे. मला वाटायचं, जेवढं गुपचूप सोसू तेवढा गुण लवकर येईल.

गुण काही येईना. मुलगा म्हणाला, "बस झालं आता. शेजारणीला फोन करतो, म्हशीला गिऱ्हाईक बघ म्हणून."

"उद्या जाऊन येते, मग कर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी खांद्यात सुई गेली आणि माझ्या पायाची बोटं आपोआप आखडली. डॉक्टरणीनं ते पाहिलं.

"माताजी, पैर क्यों हिला?"

"कुछ नहीं."

तिनं सुई काढली आणि स्टुलावर बसली. मग मला शाळेतल्या पोरीसारखं झापलं. म्हणाली, कातडीला झोंबलं, आग झाली, तर सुई नीट बसलेली नाही, मी काढून परत घालते. करंट बसला तर शिरेला लागली असेल, ते तेव्हाच्या तेव्हा सांगायचं. आत जड वाटलं, दाबल्यासारखं झालं, ओढ लागली, तर सुई पोचली. तुम्ही सगळ्यालाच कुछ नहीं म्हणता, मग मला कळायचं कसं?

"बहादुरी चप्पल के साथ बाहर उतार के आया करो," ती म्हणाली. सून तोंड फिरवून हसली.

मला राग आला. पण तो गिळून म्हटलं, "फिर से डालो."

मग मी बोलत सुटले. "चींटी." तिनं काढली. "आग." काढली. "करंट!" हे मी एवढ्यानं ओरडले की पडद्यापलीकडचा पेशंट "हाय रब्बा" म्हणाला. पुढची सुई खांद्यामागच्या फऱ्याखाली खोल गेली. तिनं ती हळू फिरवली. झोंबलं नाही, चमकलं नाही. आत काहीतरी जडजड होऊन तटतटायला लागलं आणि सावकाश दंडातून कोपरापर्यंत उतरलं.

"कैसा लगा?"

नेमकं सांगता येईना. सुनेकडं पाहिलं, तिलाही काही सुचेना. मग जे होतं ते सांगितलं. "बच्चा रोता है, तब दूध उतरता है ना? छाती भर आती है. वैसा."

डॉक्टरणीनं टाळीच वाजवली. "यही! यही तो चाहिए था!" पडद्यापलीकडं पुरुष होता, म्हणून सून लाल झाली.

"मतलब ठीक होगा?" मी विचारलं.

"मतलब सुई सही बैठी. ठीक होने की गारंटी नहीं. हाथ रोज़ चलाना पड़ेगा."

हे मला आवडलं. खात्री देणारे डॉक्टर मी बरेच पाहिलेत.

घरी आल्यावर मुलाला सांगितलं, म्हशीचं नाव काढायचं नाही, सुरुवात आज झालीय. त्यानं फोन केला नाही, एवढं खरं.

त्यानंतर सुयाही चालू आणि घरी कसरतही. भिंतीवर बोटं चढवत न्यायची, पाठीमागं टॉवेल धरून डाव्या हातानं उजवा वर ओढायचा. दुखायचं. पण दुखण्यादुखण्यातला फरक आता मला कळत होता. ओढल्यासारखं दुखलं की दात आवळून आणखी एक वीत. सुरी खुपसल्यासारखं झालं की तिथंच थांबायचं. पूर्वी मी सगळंच एका मापानं सोसत होते. हात सुयांनी सुटला की भिंतीनं, ते मला ठाऊक नाही. डॉक्टरणीलाही नक्की सांगता आलं नाही.

एका सकाळी मी खोलीचं दार लावून घेतलं. बाहेरून सून म्हणाली, "आई, येऊ का?"

"नको."

निऱ्या केल्या, टोक पायांमधून मागं घेतलं आणि उजवा हात पाठीमागं नेला. कमरेशी येऊन अडला. खांदा ओढत होता, पण ओढतच होता, खुपसत नव्हता. श्वास सोडला आणि खोचलं.

बाहेर आले. सून माझ्याभोवती फिरली. "डावीकडं ढिला आहे, आई."

"असू दे. सुटला तर माझा सुटेल."

मुलगा बुटांच्या नाड्या बांधत होता. त्यानं वर पाहिलं. "दुखतंय का?"

"दुखतंय," मी म्हटलं. "खांद्यात, ओढल्यासारखं. तिकीट काढ."