लिजोनने पीठ पुन्हा धुतलं

लिजोनच्या हातच्या आरारूटला साऱ्या बेटावर तोड नव्हती. तो कंद कच्चा खाल्ला तर पोटात आग पडते. पण किसून, फडक्यातून गाळून, धूत राहिलं की विष निघून जातं. निघालं की नाही, हे बायका जिभेच्या टोकावर ठेवून ओळखतात. लिजोनची जीभ कधी चुकली नव्हती, आणि त्याचा तिला तोराही होता.

त्या पहाटे ती चटईवर पीठ पसरत होती. लेकीचा, एरिनाचा, पहिला वाढदिवस तोंडावर आला होता. आमच्याकडे वर्ष पार केलं तरच मूल जगलं म्हणायचं. जेवायला अख्खं बेट येतं. एवढ्यात पूर्व काळीकुट्ट असताना पश्चिमेला लख्ख उजाडलं.

“ताई, आत हो!” तिचा भाऊ बोआझ ओरडला. तो बेटावरचा मास्तर.

“हे काय रे?”

“मला काय विचारतेस? मी मास्तर आहे, देव नाही!”

मग गडगडाट आला, झोपडी हादरली. लिजोन लेकीला छातीशी घट्ट धरून बसली.

पलीकडच्या बेटावर परक्या लष्कराने हायड्रोजन बाँब फोडून सूर्याची आग पेटवली होती, हे बोआझने फार पुढे वाचलं. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे हलके कण प्रचंड दाबाखाली एकमेकांत मिसळून जड होतात. त्यात चिमूटभर वजन हरवतं, आणि त्याचंच ऊन होतं. सूर्याला पेटायला स्वतःचा भार पुरतो. माणसाकडे तो भार कुठला? त्याला आधी दुसऱ्या, अणू फोडणाऱ्या बाँबची काडी ओढावी लागते, आणि ती काडीच विषारी.

त्याच दुपारी ते विष जळक्या प्रवाळाच्या भुकटीतून आमच्यावर पडलं. पांढरंशुभ्र. चटईवरच्या पिठात ते दिसेनासं झालं.

“फेकून दे ते,” बोआझ म्हणाला.

“आणि लोकांना काय वाढू? तुझी पुस्तकं?” मनातून घाबरली होती, म्हणूनच ती खेकसली.

तिने पीठ पुन्हा धुतलं, जिभेला लावलं. चुरचुरलं नाही. मग निर्धास्त होऊन तिने त्याची पेज एरिनाला भरवली.

संध्याकाळी पोर ओकू लागली. पुढे जहाज आलं, शिपायांनी सगळ्यांना नळीच्या पाण्याने धुतलं आणि अंगावरून ते विष मोजणारं यंत्र फिरवलं. एरिनापाशी ते तडतडत राहिलं.

“अजून किती पाण्यांनी जाईल, दादा?” लिजोनने दुभाष्याला विचारलं.

“बाहेरचं जाईल, बाई. पोटात गेलेलं गळ्यात जाऊन बसतं. तिने काही खाल्लं का?”

“मीच भरवलं,” लिजोन म्हणाली.

एरिनाने वर्ष पार केलं. केसांचे पुंजके हातात येत होते, पण पार केलं. जेवण काही झालं नाही. केस पुन्हा उगवल्यापासून लिजोन लेकीची वेणी घालायच्या निमित्ताने, गाठ तर नाही ना म्हणून, तिचा गळा चाचपते. आता एरिना स्वतः लेकुरवाळी आहे, तरी सुटका नाही.

“पुरे गं आई, गुदगुल्या होतात,” ती हसते.

परवा लिजोनची बोटं एका जागी थांबली.

“काय गं?” एरिनाने विचारलं.

“काही नाही,” लिजोन म्हणाली, आणि वेणी घालत राहिली.