आतली तारीख

मॅडम खुन्नस विसरत नसत. मिलच्या कॉम्प्युटर विभागाच्या त्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. मिल बंद पडताना मजुरांचे ओव्हरटाइमचे तास हिशेबातून गायब झाले, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी गेटवर सांगून टाकलं, "वो प्रोग्राम मैडम का बनाया हुआ है." मजुरांनी त्यांना नमस्कार करणंही सोडलं. खरं तर मॅडमना नोकरीवरून काढल्यावर साहेबांनी तो हिशेबाचा प्रोग्राम बाहेरून बनवून घेतला होता. पण फाइलवर तारीख जुनी दिसे.

"वरची तारीख कोणीही बदलतं रे," मॅडम म्हणत, "आतली बघायची." प्रोग्राम तयार होताना त्याच्या पोटात वेळ नोंदली जाते. मिलच्या फाइलींची प्रत माझ्याकडे राहिली होती. ती वेळ वाचायला, आम्ही दोघं नंतर लागलो त्या तुकोगंज भागातल्या ऑफिसात, त्यांनी पर्ल या कॉम्प्युटरच्या भाषेत स्क्रिप्ट लिहिली. डब्याच्या सुट्टीत आमचं तेवढंच काम.

स्क्रिप्ट मात्र प्रत्येक फाइलचं साल १९७० सांगे.

"तेव्हा साहेब हाफपँटमध्ये असतील," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. कॉम्प्युटर वेळ १९७० पासून मोजतो, म्हणून १९७० म्हणजे शून्य, हाती काहीच न आलेलं. आम्ही वाचायची जागा पुढेमागे करून पाहिली. शेवटी त्यांनी किती वाचलं जातंय तेच छापून बघितलं. वाचन मध्येच तुटत होतं! फाइलला साधा मजकूर समजून पर्ल एका चिन्हाशी थांबत होतं. 'जशीच्या तशी वाच' असं सांगणारी ओळच राहिली होती.

"यालाही साहेबांसारखी अर्धं वाचून बोलायची सवय," मॅडम म्हणाल्या.

साहेब आता कॉम्प्युटर विकत. ते आमच्या ऑफिसात कोटेशन घेऊन आले त्या दिवशी मॅडमनी मिलच्या युनियनच्या दोघांनाही बोलावून ठेवलं होतं.

"एंटर आपणच दाबा, सर."

पडद्यावर तारीख आली, मॅडमना काढल्यानंतरची. साहेबांनी पाणी मागितलं. माठ माझ्याजवळ होता. मी उठलो नाही. मॅडमनीच ग्लास पुढे केला.

"प्या सर. गेटवर हेच सगळ्यांना सांगायचंय, गळा सुकेल."

साहेबांनी मिलच्या गेटवर जमलेल्या मजुरांना ते सांगितलं. कोटेशनवर मॅडमनी तरीही सही केली नाही. मजूर म्हणाले, "मॅडमजी, माफ कर दो."

"माफी राहू द्या, भिया. उद्यापासून नमस्कार करा."

मॅडम आता हयात नाहीत. त्या न दिलेल्या पाण्याची मला लाज वाटते. पण साहेब पुन्हा तहानलेले समोर आले तर उठेन, असं मॅडमच्या फोटोसमोर खोटं बोलवत नाही.