आपोआप मिटणारे दार

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचे धाडस करतोय, सांभाळून घ्या. बसच्या खिडकीतून खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, चिखलाचा वास आला की आमोणे गावातली ती शाळा आठवते. मी साखळी शहरातला, शेती दुरूनच पाहिलेली. तिथे मी सहावीच्या मुलांना संगणकावर ठोकळे जोडून प्रोग्राम करायला शिकवत होतो: एक पात्र संदेश पाठवते, तो मिळताच दुसरे काहीतरी करते. सर्वांत चांगला प्रोग्राम पणजीच्या प्रदर्शनात जाणार होता, आणि एका मुलीने ‘मीच जाणार’ असे आईला सांगूनही ठेवले होते. तिच्या प्रोग्राममध्ये नदी ‘भरती आली’ असा संदेश पाठवी आणि खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात बसवलेले लाकडी दार मिटे. “पण ते बंद करणारा माणूस कुठे आहे?” मी विचारले. “भरती आयली की दार आपणच बंद जाता, सर.” “दार काय जादूचे आहे गो?” मी हसलो. वर्गात दुसरे कोणीच हसले नाही. पणजीला मी दुसऱ्याच मुलाला नेले. परवा त्या शाळेतल्या बाई भेटल्या, तेव्हा कळले की ती दारे खरोखरच भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात. सगळ्या वर्गाला ते ठाऊक होते. पण “सरांक सांगू नाकात, त्यांका वायट दिसतले,” असे त्या मुलीनेच सर्वांना बजावले होते.