बबिताचं ऐकणारा तांडा

बबिता राठोडला दारव्ह्यात लोक ओळखत ते आवाजावरून. बाजारात तिने नुसतं "भेंडी कशी दिली?" विचारलं की भाजीवाली मान वर करायची, "तुमी त्या कानोसावाल्या ताई व्हय का?" 'कानोसा' हा तिचा पॉडकास्ट. भाड्याच्या खोलीत गादीचा आडोसा करून ती मोबाइलवर बातम्या बोलायची आणि चहाच्या वेळेला त्या व्हॉट्सअॅपवरून नेरपासून पुसदपर्यंत पोचायच्या. कापसाचा भाव, बोंडअळीचे पंचनामे, बंद पडलेली बस. मोठ्या पेपरांना दारव्हा आठवायचं ते कोणी मेल्यावर. बबिताला रोज आठवायचं.

तिचा बंजाऱ्यांचा तांडा तिथून फार लांब नव्हता. आईबाप लहानपणीच गेले. रामीबाईकाकी आणि धावजीकाकांनी तिला वाढवलं. काकीला अक्षर येत नव्हतं, पण पुतणीचा आवाज ती सगळ्या तांड्याला ऐकवायची. तांड्याचा प्रमुख असलेल्या नाईकाच्या शब्दावरही तिथे दोन मतं पडत, बबिताच्या शब्दावर पडत नसत. याचा तिला अभिमान होता, आणि असावाच. घरच्यांनी आपलं ऐकावं हे भाग्य भल्याभल्यांच्या नशिबी नसतं. ते भाग्य किती महाग पडू शकतं, हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आषाढात तांड्यात हगवण-वांती सुरू झाली. पाण्याचा पाइप नालीतून नेलेला, तो फुटला आणि नालीतली घाण घरोघर पोचली. क्लोरीनच्या बाटल्या "मागवल्या आहेत" असं कार्यालयात सांगत. ते मागवणं काही संपेना. तेव्हा पाणी उकळून पिणं हा एकच इलाज. बबिता रोज तेच सांगू लागली. खळखळ उकळा, झाकून ठेवा, लेकरांना तेच पाजा. तरी रोज नवी माणसं आजारी पडत. शेजारच्या गावाला पाणी त्याच पाइपाचं, पण तिथे लोक ठणठणीत होते. आरोग्य खात्याचे साहेब तिला म्हणाले, "आमची माणसं घरोघर बघून आली. तुमच्या तांड्यात कोणी पाणी उकळतच नाही."

बबिता पेटली. तिच्या रागात लाज जास्त होती. त्याच दुपारी तिने माइक लावला. "मी या तांड्याची लेक आहे म्हणून बोलते. माझा घसा कोरडा पडला, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आमच्या लोकांना जिवापेक्षा आळस प्यारा आहे!"

आजवरचा तिचा कुठलाच एपिसोड इतका फिरला नव्हता. नेरहून एकाचा फोन आला, "मस्त झाडलं ताई! असंच पायजे या लोकायले." 'या लोकायले' हे तिला खुपलं. पण वाहवा गोड लागते. तिने "थँक्यू भाऊ" म्हणून फोन ठेवला.

दोन दिवसांनी काकीला दवाखान्यात भरती केल्याचं कळलं. बबिता धावत गेली. काकीचे डोळे खोल गेलेले, हाताला सलाइन. खाटेशी उभी नर्स धावजीकाकांना बोलत होती, "तुमची पोरगीच सांगून राह्यली मोबाइलवर, आळशी हायेत म्हणून. काहून नाही उकळत तुमी पाणी?" काका खाली मान घालून उभे होते. नर्स जाताच बबितानेही तोच प्रश्न काकीला विचारला, तांड्याच्या गोरबोलीत, आणि नर्सहून कडक.

काकी म्हणाली, कशावर उकळू?

मग तिने दम खात खात सांगितलं, त्यात तक्रार नव्हती. कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी पऱ्हाटी हेच तांड्याचं वर्षाचं जळण. यंदा उन्हाळ्याआधी बबितानेच सांगितलं होतं की पऱ्हाटीत गुलाबी अळीचे कोष लपतात, घराशी एक काडी ठेवू नका, शेतातच जाळा. कृषी खात्याचंच सांगणं ते, पण तांड्याने ते बबिताचं म्हणून मानलं. सगळ्यांनी ढीग पेटवले. शेजारच्या गावाने हसून पऱ्हाटी घरामागे रचून ठेवली. आता पावसात जंगलातलं लाकूड ओलं, तेही तोडू देत नाहीत. सिलिंडर कधीचं रिकामं पडलेलं. गोवऱ्यांवर कशीबशी भाकरी होते, पाणी कुठून उकळणार?

ज्यांनी तिचं ऐकलं नाही ते चुलीवर पाणी उकळून पीत होते. ज्यांनी ऐकलं त्यांना तिने जगासमोर आळशी ठरवलं होतं. बबिताने काकीचे पाय धरले. काकीला वाटलं, पोरगी पाय चेपून देते आहे. तिने बरं वाटल्यासारखे डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी काकी गेली.

बबिताने नवा एपिसोड केला. काही लपवलं नाही. तांडा आळशी नाही, सरकारचं आणि माझं ऐकून त्यांची चूल विझली, असं तिने रडत सांगितलं. तो कोणी पुढे पाठवला नाही. शिव्या फुकट वाटल्या जातात, माफीला गिऱ्हाईक मिळत नाही. आधीचा मात्र अजून फिरत होता; कोणीतरी त्याच्यामागे हसण्याचा आवाज जोडला होता.

क्लोरीनच्या बाटल्या आल्या तेव्हा एक पिशवी घेऊन ती तांड्यात गेली. काकांच्या दारात चार माणसं बसली होती. तिला पाहून कोणी उठून गेलं नाही. धावजीकाका आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. जन्मभर ते तिच्याशी गोरबोलीत बोलले होते. आज मराठीत बोलले, कचेरीतल्या माणसाशी बोलावं तसं.

"हे पाणी पेवाचं का नाही पेवाचं, म्याडम?" त्यांनी विचारलं.

तो टोमणा असता तर तिने सोसला असता, बरंच वाटलं असतं. पण काकांच्या तोंडावर राग नव्हता, ते खरंच विचारत होते. काका तांब्या तसाच धरून थांबले.

"सांगा न," ते म्हणाले. "तुमी सांगान तसं करू."